हसण्यावरचा हात

चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैलाची पारख कशी होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना तो देखावा सहसा विसरता येत नाही. गिऱ्हाईक जनावराच्या तोंडाशी येते, एका हाताने वेसण आवरते, दुसऱ्या हाताने खालचा ओठ दाबून पुढचे दात उघडे करते, आणि क्षणभर पाहून ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ किंवा ‘जुळलेला’ असा एका शब्दात निवाडा देऊन मोकळे होते. त्या शब्दावर वय ठरते आणि वयावर किंमत. बैलाला मात्र या परीक्षेचे काही वाटत नाही. तोंड सुटले की तो पुन्हा रवंथ करू लागतो. आपले दात लोकांनी पाहिले याची लाज वाटणे, आणि ते पुन्हा कोणी पाहू नयेत म्हणून तोंड झाकून घेणे, हे माणसालाच सुचते.

त्याच रस्त्याने पुण्याच्या दिशेस थोडे आले म्हणजे कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे गाव. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास आळंदी, आणि भोवताली मोटारींचे व मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने. पाळी सुटण्याच्या वेळी नाशिक रस्ता कामकऱ्यांच्या गाड्यांनी भरून जातो. रस्त्याच्या कडेला वडापावच्या गाड्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या आणि टायरची दुकाने यांच्यामध्ये अलीकडे दंतवैद्याच्या पाट्याही दिसू लागल्या आहेत. त्यांपैकी एका पाटीवर मी एक चित्र पाहिले. त्यात दोन ओठ होते आणि ओठांमध्ये शुभ्र दातांची एकसारखी ओळ होती. नाक, डोळे, कपाळ यांपैकी काहीच नव्हते. ते हसू कोणाचे होते हे कळण्यास मार्ग नव्हता. आणि ते कोणाचेही नसावे, हाच बहुधा चित्रकाराचा हेतू होता.

दात दुखतो म्हणून वैद्याकडे जावे, यात नीतीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु जो दात दुखत नाही, चावताना नडत नाही, केवळ दिसायला बरा नाही, त्याच्यासाठी कष्टाचे पैसे खर्च करावेत काय? ही सुधारणा म्हणावी की मिरवण्याची हौस म्हणावी? आणि ज्याला आपले हसू आवडत नाही, त्याला ‘तू आहेस तसाच राहा’ असे सांगण्याचा अधिकार दुसऱ्यास कितपत पोहोचतो?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे घर कुरुळीस आहे. तिच्या मुलीचा वरचा पुढचा दात, ती नऊ वर्षांची असताना, विहिरीच्या पायरीवर पडून अर्धा तुटला. दुखणे थांबले तेवढ्यावर त्या वेळी सर्वांचे समाधान झाले. पुढे त्या उरलेल्या दाताचा आतला गाभा मेला, आणि दात हळूहळू करडा पडत गेला. आज ती चोवीस वर्षांची आहे आणि एका कारखान्यात तयार भागांच्या तपासणीचे काम करते. कामात तरबेज, बोलण्यात स्पष्ट. परंतु हसू आले की तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जातो. समोर परका माणूस असो वा सख्खा भाऊ असो, हसू आणि हात यांची ही जोडी पंधरा वर्षांत फुटलेली नव्हती.

गेल्या दिवाळीत तिने मला सांगितले की, साठवलेल्या पगारातून दात नीट करून घ्यावा असे मनात आहे, पण वडील नको म्हणतात. तुम्ही त्यांना चार शब्द सांगाल काय? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. चार शब्द सांगावयास सांगितले असता चाळीस सांगण्याची मला सवय आहे; आणि तेही मी तिच्या वडिलांना न सांगता तिलाच सांगितले. देह नाशिवंत आहे, देहूआळंदीच्या मातीत राहून हे निराळे सांगावयास नको. देवाने दिले ते गोड मानावे. माणसाचे मोल गुणांवर असते. पैसा साठवावा, वेळेला उपयोगी पडतो. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “मामा, तुमची कवळी कुठे केली?”

ज्या दातांनी मी हा उपदेश करीत होतो ते माझे नव्हते. कवळी खाण्यासाठी असते, असे उत्तर मला देता आले असते. परंतु माझी वरची कवळी नीट बसत नाही आणि घरी जेवताना मी ती काढून ठेवतो, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. ती मी लावतो ती चार माणसांत जाताना. खाण्याचे दात निराळे आणि दाखवण्याचे निराळे, ही म्हण आपण ढोंगी माणसाला लावतो. माझ्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती, आणि तरीही मला आजवर कोणी गर्विष्ठ म्हटले नव्हते. म्हाताऱ्याने बोळके झाकले तर ती शिष्टता आणि मुलीने तुटका दात झाकला तर ती हौस, हा न्याय कोणत्या ग्रंथातला? घरी परत येताना मी माझाच उपदेश पुन्हा तपासून पाहिला.

‘देवाने दिले ते बदलू नये’ हा पहिला आक्षेप. तो मानावयाचा तर चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि वाकडे हाड सरळ बांधणे ही सर्वच पापे ठरतील. तसे कोणी मानीत नाही. शिवाय या मुलीला देवाने दिलेला दात अखंड होता. तुटला तो पायरीवर. मोडलेले सांधणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे नाही ते आहे असे दाखवणे हे असत्य होय. पण असत्य होण्यासाठी समोरच्याचे काही हिरावले जावे लागते. बाजारात कोणी बैलाचे दात कानस लावून त्याचे वय लपवले तर ती फसवणूक होईल. कारण गिऱ्हाईक दाम मोजते ते त्या दातांवर. धोतराला ठिगळ लावून बाहेर पडणारा मनुष्य मात्र ‘हे धोतर नवे आहे’ असा दावा करीत नाही. तेव्हा सांधलेला दात खोटा की खरा, हे दातावरून ठरत नाही. ते तोंड विक्रीस काढले आहे की नाही यावर ठरते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात चहापोह्यांच्या ताटलीआडून जी नजर मुलीच्या तोंडाकडे वळते, ती मला चाकणच्या बाजारातील नजरेहून फारशी निराळी वाटत नाही. त्या ठिकाणी असत्य असेल तर ते पाहणाऱ्याने आधी आणलेले असते.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे पांढऱ्या रंगाचे वेड आहे. यात तथ्य आहे, परंतु ते आक्षेपकाला वाटते त्याहून खोल जाते. आपल्याकडे एके काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत. मायफळ, हिराकस असल्या द्रव्यांच्या भुकटीने आणलेला तो काळा रंग सौभाग्याची खूण होता आणि शोभाही होता. जपानात विवाहित स्त्रिया आणि दरबारातील उमराव शतकानुशतके दात काळे करीत आले. १८७० साली उमरावांना त्याची मनाई झाली, आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली, तेव्हा कुठे पांढरे दात तेथे सभ्य ठरू लागले. म्हणजे पणजीने काळे केले आणि पणती पांढरे करू पाहते. दोघींची इच्छा मात्र एकच. आपल्या माणसांत आपण शोभून दिसावे, वेगळे पडू नये, ही ती इच्छा होय. तिला वेड म्हणावयाचे तर वेडाबाहेर कोण उरतो?

आक्षेप असे एकेक गळून पडले. तथापि त्यामुळे पाटीवरचे चित्र निर्दोष ठरते असे मात्र मला वाटत नाही.

सुंदर हास्याच्या इतिहासात १७८७ हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये व्हिजे ल ब्रं या चित्रकर्तीने स्वतःचे एक चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात ती मुलीला कवेत घेऊन किंचित हसते आहे आणि ओठांतून दात दिसत आहेत. चित्रात दात दाखवावेत हे तेथील रसिकांना असभ्य वाटले आणि बराच गवगवा झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये रोलँडसन याने एक व्यंगचित्र काढले. त्यात एक दंतवैद्य धुराडी झाडणाऱ्या गरीब पोराचा दात उपटतो आहे आणि तो शेजारी बसलेल्या श्रीमंत बाईच्या तोंडात बसवावयाचा आहे. दाराकडे दोन मुले गाल धरून रडत निघाली आहेत. हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हता. गरिबांचे दात विकत घेऊन श्रीमंतांच्या हिरड्यांत रोवण्याचा उद्योग त्या काळी खरोखरच चाले. एकाच वर्षीच्या या दोन चित्रांत सारा विषय सामावला आहे. हसू उघडे करण्याचे धैर्य एकीकडे. आणि ते हसू कोणाच्या तोंडातून आणले, हा प्रश्न दुसरीकडे.

आज दुसऱ्याचा दात कोणी उपटीत नाही. आज किंमत द्यावी लागते ती आपल्याच दातांतून. अमेरिकेत चित्रपटांच्या आरंभीच्या काळात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटनट्यांच्या दातांवर चिकटवण्यासाठी पातळ पापुद्रे तयार केले. चित्रण संपले की ते काढून ठेवीत, कारण ते पक्के बसतच नसत. १९५५ साली बूनोकोर या संशोधकाने असे दाखवले की, आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत केल्यास त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. तेथपासून हे तात्पुरते सोंग कायमचे होऊ शकले. आता चिनी मातीचा पापुद्रा दातावर चिकटवून वर्षानुवर्षे वापरता येतो. मात्र तो बसवण्यासाठी पुष्कळदा दाताचे वरचे कवच सुमारे अर्धा मिलिमीटर घासावे लागते. हे कवच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपून गेलेल्या असतात; म्हणून कातडी भरून येते, हाड सांधते, पण हे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. सांधण्याच्या कामात आणि सजवण्याच्या कामात जर कोठे रेघ ओढावयाची असेल, तर ती मला येथे दिसते. मोडलेल्यात भर घालणे निराळे. आणि धडधाकट दात दुसऱ्या कोणासारखा दिसावा म्हणून घासून काढणे निराळे.

निरोगी दात मुळात शुभ्र नसतोच. कवच अर्धपारदर्शक असते आणि त्यातून आतला पिवळसर थर दिसतो. वयाबरोबर कवच झिजते, आतला थर जाड होतो, आणि दात अधिक पिवळा दिसू लागतो. दंतवैद्यांच्या नेहमीच्या छटापट्टीत नैसर्गिक दातांच्या सोळा छटा असतात. पुढे त्यांहूनही पांढऱ्या छटा बनवाव्या लागल्या. कारण निसर्गातील सर्वांत पांढरा दातही गिऱ्हाइकाला पुरेसा पांढरा वाटेना. जेथे निसर्गाची परिसीमा अपुरी पडते, तेथे माणूस स्वतःकडे पाहण्याचे सोडून पाटीकडे पाहू लागला आहे असे समजावे.

हे सारे विचार घेऊन मी पौषात पुन्हा कुरुळीस गेलो. भाची दरम्यान वैद्याकडे जाऊन आली होती. तेथे संगणकाच्या पडद्यावर तिला तिचाच फोटो दाखवण्यात आला. त्यात वरचे दहा दात बदललेले होते. “चेहरा माझा आणि तोंड पाटीवरचं,” ती म्हणाली. मग तिने आपल्या कामातली एक गोष्ट सांगितली. तिच्या हाताखालून रोज शेकडो भाग जातात. प्रत्येकाला ती ‘गो–नो गो गेज’ लावते. गेजचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही जमले तर भाग पुढे जातो, नाहीतर लाल पेटीत पडतो. “भागाला गेज लावतात ते बरोबर आहे, मामा. त्याला दुसऱ्या भागात बसायचं असतं. मला कशात बसायचंय?”

त्या क्षणी मला जे पुस्तकांतून सापडत नव्हते ते त्या तपासणीच्या टेबलावरून मिळाले. यंत्राच्या भागाचे सौंदर्य त्याच्या सारखेपणात असते, कारण एक काढून त्याच्या जागी दुसरा बसवता यावा हेच त्याचे प्रयोजन. माणसाच्या हसण्याचे प्रयोजन नेमके उलट आहे. दूरवरून येणारे माणूस हसले की ते कोण आहे हे आपण ओळखतो. सर्वांचे हसू एका साच्यातून निघाले तर दात सुधारतील आणि ओळख बुडेल. शिवाय खऱ्या हसण्याची जागा केवळ तोंडात नाही. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, ओठांची कडा इच्छेने उचलता येते, पण मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकुंचन पावतो तो हुकमी हलत नाही. पाटीवरच्या चित्रात डोळे का नव्हते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

“मग दात तसाच ठेवणार?” मी विचारले. ती म्हणाली, “नाही. तो एक नीट करणार. मला दात दाखवायचा नाही, मामा. लपवायचं थांबवायचं आहे.” आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, कोणताही राग नसलेल्या आवाजात तिने पुढचे वाक्य उच्चारले: “बुरूज हे नाव तुम्हीच ठेवलं होतं ना?”

मी ते विसरलो होतो. १६६० साली शाएस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला; फिरंगोजी नरसाळ्यांनी तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला, आणि शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा तो पडला. हे मी मुलांना दरवर्षी शिकवीत असे. नऊ वर्षांची ती पोर तुटका दात घेऊन समोर आली तेव्हा मी घरभर लोकांत म्हणालो होतो, “संग्रामदुर्गाचा बुरूज उडाला!” सगळे हसले. तीही हसली असेल. मग ते नाव भावंडांनी उचलले, भावंडांकडून शाळेने उचलले. माझ्या लेखी तो एका दुपारचा विनोद होता. तिच्या लेखी तो पंधरा वर्षांचा हात झाला.

येथे हा प्रश्न एकट्या दाताचा राहत नाही. तोंडावर जाणारा हात ज्याचा त्याचा दिसतो, पण तो उचलणारे पुष्कळ असतात. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या विहिरींत फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी ज्या मुलांच्या पोटात दात घडण्याच्या वयात जाते, त्यांचे दात तपकिरी डागांसह उगवतात. त्या मुलांना ‘दात घासत जा’ म्हणून हिणवणारा शिक्षक आणि एकेकाला दंतवैद्याची पाटी दाखवणारा शहाणा, दोघेही सारखेच चुकतात. तेथे आधी विहीर बदलावयास हवी. त्याचप्रमाणे जेथे मुलीच्या दातावरून तिचे स्थळ मोडते, जेथे दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यासाठी हसरा चेहरा ही नोकरीची अट होते, तेथे केवळ दात बदलून भागत नाही. तेथे पाहणाऱ्याची नजर बदलावयाची असते, आणि त्या कामाला कोणतीही छटापट्टी उपयोगी पडत नाही.

परंतु नजर बदलेपर्यंत मुलीने हात तोंडावर धरून बसावे, असे सांगणेही क्रूरपणाचे आहे. समाज सुधारण्याची जबाबदारी ज्याला इजा झाली त्याच्याच तुटक्या दातावर टाकणारे तत्त्वज्ञान मला आता पटत नाही. ‘तू आहेस तशीच सुंदर आहेस’ हे वाक्य ऐकावयास गोड लागते. पण ज्याने नाव ठेवले त्याच्याच तोंडी ते शोभत नाही. त्याला शोभेल असे एकच काम उरते. त्याने बाजूला व्हावे आणि वाट मोकळी करून द्यावी. मी तिच्या वडिलांशी बोललो. या खेपेस खरोखरच चार शब्द.

फाल्गुनात तिने दात करून घेतला. मेलेल्या दाताचे रूट कॅनल झाले, करडा रंग आतून उजळवण्यात आला, आणि तुटलेला भाग भरून शेजारच्या दाताच्या छटेशी, म्हणजे थोड्या पिवळसर छटेशी, जुळवण्यात आला. बाकीचे दात जसे होते तसेच आहेत. एक किंचित वाकडाही आहे. गावात फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. कारखान्यातल्या एका मैत्रिणीने ‘केस कापलेस का?’ एवढेच विचारले.

पाडव्याला मी तिच्याकडे जेवावयास गेलो होतो. पंगतीत कोणीतरी काही बोलले आणि ती हसली. उजवा हात सवयीने उठला, हनुवटीपर्यंत आला, तेथे घुटमळला, आणि काय करावे हे न सुचून कानामागे केस सारून परत ताटाकडे गेला. तो हात पंधरा वर्षांपूर्वी मी उचलला होता. खाली आणला तो मात्र तिने, आणि तोही स्वतःच्या पगारातून.